चंद्रिकेच्या मानेचा फोटो

माझे मामा राघोत्तमराव मद्रासच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायच्या नोकरीत होते. तंजावरहून ते सत्तेचाळीस साली आले, आधी डार्करूममध्ये फिल्मा धुवायला लागले आणि दहा-बारा वर्षांनी मशीनपाशी पोचले. मी कॉलेजसाठी त्यांच्या तिरुवल्लिक्केणीच्या घरी चार वर्षं राहिले. संध्याकाळी ते घरी आले की आधी अंगणातल्या नळावर हात धूत, तरी बोटांना फिल्म धुवायच्या हायपोचा वास राहायचाच. अंबुजामामी त्यांच्या पानात भात वाढताना नाक मुरडायची आणि ते हसायचे.

त्यांना आपल्या कामाचा अभिमान होता, थोडा जास्तच. फोटो कसा स्वच्छ पाहिजे, हाडाची कड कशी पेन्सिलीने ओढल्यासारखी दिसली पाहिजे, हे ते जेवताना आम्हाला सांगत. फोटो बिघडण्याचं कारण त्यांच्या मते एकच. पेशंट हलतो. "असैयादे! हलू नको! डोन्ट मूव्ह!" असं तिन्ही भाषांत ते दिवसभर ओरडत, आणि कोणी हललंच तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे.

चंद्रिका त्यांच्याकडे पहिल्यांदा आली ती एकसष्ट सालच्या पोंगलनंतर. नऊ वर्षांची मुलगी, सैदापेटला राहणारी. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तिला जबर कावीळ झाली होती. त्यातून वाचली, पण हातपाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत. जागी असेतोवर अंगाला कधी स्वस्थता नसे. हात वळत, बोटं पसरत, मान एकदा मागे जाई, एकदा खांद्याकडे, एकदा छातीवर. बोलायला गेली की तोंड वेडंवाकडं होई आणि शब्द ओढून काढल्यासारखा बाहेर येई. डोकं मात्र लख्ख. शेजारच्या मुलांचे पाढे भिंतीपलीकडून ऐकून तिने पाठ केले होते.

सात वर्षांची होईतो ती भिंतीला धरून आठ-दहा पावलं टाकायला शिकली होती. मुठीत चमचा धरून स्वतः जेवायची. अर्धं सांडे, पण जेवायची. आणि साठ सालच्या दिवाळीपासून पोंगलपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत हे सगळं गेलं. आधी पाय लटपटू लागले, मग उभं राहणं थांबलं. चमचा हातातून गळायला लागला. पाच वर्षांची असताना सुटलेलं अंथरुण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. आई डोकं धरून उचलायला गेली की पोर किंचाळायची.

तिचे वडील राजगोपाल बंदरात कारकून होते. त्यांनी दोन दवाखाने केले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं. हा तिचा मूळचाच आजार आहे, वाढणारच. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे मामांच्या इस्पितळात, कोणीतरी मान दुखते एवढ्यावरून चिठ्ठी लिहिली, मानेचा बाजूने फोटो.

मामांनी तिला टेबलावर ठेवलं, दोन माणसांना डोकं आणि खांदे धरायला लावले आणि फोटो काढला. फिल्म धुतली तर नुसतं धुकं. दुसरी काढली, तीही तशीच. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही', आणि पाठवून दिलं.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी तिची आई धनलक्ष्मी मुलीच्या कानाशी वाकून म्हणत होती, "उगी ग, उगी. हे बघ, थोडकाच वेळ. मग आपण घरी जाऊन दहीभात खाऊ." मामा चमकले. इस्पितळात मराठी क्वचितच कानावर पडायची.

"तुम्ही आमच्यातले काय?" त्यांनी विचारलं.

"होय. मूळ कुंभकोणमचे," धनलक्ष्मी म्हणाली. "तुम्ही?"

"तंजावर. मेलवीधी रस्त्यावर घर." मग ते जरा मऊ झाले. "काळजी करू नका अक्का. आज मी स्वतः धरतो हिला. आज फोटो मिळाल्याशिवाय सोडत नाही."

डॉक्टरांनी चिठ्ठीत मान पुढे वाकवूनही एक फोटो मागितला होता. धनलक्ष्मीला त्यांनी बाहेर बसवलं. हातांत शिशाचे जाड मोजे चढवले, स्विचपाशी एका मदतनिसाला उभं केलं आणि सांगितलं, "मी 'हो' म्हटलं की दाब." मग एक हात डोक्याच्या मागे, एक हनुवटीवर घेऊन त्यांनी चंद्रिकेची मान छातीकडे वाकवली. पोर झटके देत होती, टाचा टेबलावर आपटत होत्या. त्यांनी अजून जोर लावला.

आणि ती एकाएकी शांत झाली. टाचांचा आवाज थांबला. हात टेबलाच्या कडेवरून खाली लोंबले.

मामा मला हे सांगत तेव्हा प्रत्येक वेळी या जागी थांबत. "मला आनंद झाला, समजलीस?" ते म्हणत. "एक क्षण मला आनंद झाला. म्हटलं, धरली एकदाची. 'हो' तोंडावर आलं होतं."

मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळे टक्क उघडे, तोंड उघडं, आणि छाती हलत नव्हती, श्वासच नव्हता. त्यांनी हात काढले, डोकं अलगद मागे ठेवलं. स्विचपाशी उभा असलेला माणूस विचारत होता, "दाबू का? सार, दाबू का?" चार-पाच श्वासांचा वेळ गेला असेल. मग तिच्या घशातून हवा आत गेली. हात हलू लागले. पायांना मात्र आणखी दोन मिनिटं लागली. मामा मोजे काढून तिचे तळवे चोळत राहिले, ते डाव्या पायाचा अंगठा वळलेला दिसेपर्यंत.

धनलक्ष्मीला त्यांनी एवढंच सांगितलं की आज मशीन बरोबर नाही.

घरी आले ते न जेवता झोपले. मामीला वाटलं ताप आहे. सकाळी नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले आणि हाडांच्या विभागात डॉक्टर गुरुमूर्तींच्या खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. गुरुमूर्ती तरुण होते, मोजकं बोलणारे. मामांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. जोर किती लावला तेही, आनंद झाला तेही. नोकरी जाईल अशी त्यांची जवळजवळ खात्री होती.

गुरुमूर्तींनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मान पुढे वाकवल्यावरच झालं? मागे घेतल्यावर परत आलं?"

"होय सार."

"आधी हात आले, मग पाय?"

"होय. पायांना वेळ लागला."

गुरुमूर्तींनी टेबलावरचा खडू घेतला आणि त्याच्याभोवती अंगठा-तर्जनीचं कडं केलं. "मानेचं पहिलं हाड असं असतं, अंगठीसारखं. दुसऱ्या हाडाला वर एक खुंटी असते, ती या अंगठीत बसते. त्या दोघांच्या मागून मज्जारज्जू खाली जातो. खुंटीचं बंधन सुटलं की मान वाकताना अंगठी पुढे सरकते आणि रज्जू चिमटीत सापडतो. ही मुलगी नऊ वर्षं दिवसभर मान फिरवते आहे. बंधन किती दिवस टिकणार?" खडू खाली ठेवत ते म्हणाले, "कावीळ तिच्या मेंदूत जे करायचं ते करून गेली. ते वाढत नसतं. वाढतंय ते हे. सगळे मूळ आजाराकडेच बघत राहिले. मीही कदाचित तेच केलं असतं."

"मग आता?"

"आता मला फोटो पाहिजे. त्याशिवाय मी मानेला हात लावणार नाही. आणि तो न धरता काढायला पाहिजे."

मुलीला डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावून घेतलं आणि वॉर्डात ठेवून घेतलं. मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मामा दुपारी वॉर्डात गेले. डॉक्टर म्हणाले होते, आईला काल काय झालं ते सांगायची गरज नाही. मामांनी सांगितलं.

धनलक्ष्मीने मुलीच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मी रोज तिचं डोकं असं पुढे धरून भरवते. घास बाहेर येऊ नये म्हणून. मधेच ती गप्प होते. मला वाटायचं, जेवणात मन लागलं."

खाटेवरून चंद्रिका दोघांकडे पाहत होती. तिने तोंड उघडलं, दोनदा प्रयत्न फसला, तिसऱ्यांदा शब्द आले. "मामा… का… रडता?"

मुलीला गुंगीचं औषध देऊन फोटो काढावा, असं पहिल्यांदा ठरलं. धनलक्ष्मी ऐकेना. दोन वर्षांपूर्वी दात काढायला दुसऱ्या एका दवाखान्यात तसं औषध दिलं होतं तेव्हा पोर निळी पडली होती. गुरुमूर्तींनाही या मानेवर गुंगी नकोशी होती. मामा म्हणाले, "अक्का, ही कधीच स्वस्थ नसते का? कधीच?"

"झोपते तेव्हा," धनलक्ष्मी म्हणाली. "झोपली की अगदी इतर पोरांसारखी. बघणाऱ्याला कळणारही नाही. मी पुष्कळदा नुसती बघत बसते."

मामांनी तिथेच ठरवलं. जेवल्यावर दुपारी एकच्या सुमाराला तिला झोप येते, तर ती झोप एक्स-रेच्या टेबलावर यायला पाहिजे. पण टेबल काळंकुळकुळीत, थंड, आणि मशीन सुरू झालं की आधी घुमतं आणि मग खट्कन वाजतं. त्यांनी घरून अंबुजामामीच्या दोन जुन्या नऊवारी सुती साड्या नेल्या, त्यांच्या घड्या घालून टेबलावर पसरल्या. मामी कुरकुरली, "त्यातली एक मी देवाच्या कामाला ठेवली होती." कशाला पाहिजे ते ऐकल्यावर तिने तिसरीही दिली.

दुपारी एक ते दोन मशीन रिकामं असे, सगळे जेवायला जात. मामांनी आपलं जेवण त्या तासात बंद केलं. पहिल्या दिवशी चंद्रिकेला वाळूच्या पिशव्यांसकट गाडीवरून आणली, टेबलावर घेतली, आणि आईने मान न उचलता चमच्याने दहीभात भरवला. मामांनी फिल्म न घालता, मशीनच्या नळीचं तोंड शिशाच्या पत्र्याने झाकून, मशीन सुरू केलं. खट् झाल्याबरोबर ती अंगभर दचकली. तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "हे काय म्हणतं, सांग बघू?" तिला बोलायला वेळ लागला. "को… बी," ती म्हणाली. मशीन 'कोबी' म्हणतं की 'कोंबडी' हे कोणालाच कळलं नाही, आणि तिघंही हसली.

दुसऱ्या दिवशी तिने दचकणं कमी केलं. तिसऱ्या दिवशी डोळे मिटले, पण आवाजाला उघडले. चौथ्या दिवशी विभागाचे मोठे डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "राघोत्तमराव, हा एक्स-रे विभाग आहे की पाळणाघर?" मामा म्हणाले, "सार, अजून दोन दिवस द्या." ते 'सार'ला उलटून बोलले असं आजवर घडलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती झोपली. मामांनी दोनदा नुसतं मशीन फिरवून पाहिलं. पापणी हलली नाही. गुरुमूर्तींना निरोप गेला, ते चपला बाहेर काढून आले. तेवढ्यात मामांचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत होता आणि तो बरोबर मानेवर आला होता. त्यांनी धनलक्ष्मीला खूण केली. तिने मानेनेच नाही म्हटलं. तो काविळीच्या वेळी बांधलेला होता, एकदाही निघाला नव्हता.

"अक्का," मामा कुजबुजले, "फोटोत तो हाडावर बसेल. दिसायचं तेच दिसणार नाही. तुम्ही स्वतःच्या हातात धरून इथे उभ्या राहा."

तिने दाताने दोरा तोडला आणि ताईत मुठीत आवळून धरला.

फिल्मची पेटी मानेच्या एका बाजूला उभी केली, मशीनची नळी दुसऱ्या बाजूला आडवी आणली. पहिला फोटो मान सरळ असताना. खट्. ती झोपलेलीच. मग गुरुमूर्तींनी आपल्या हाताने डोक्याखाली एक पातळ उशी सरकवली, तसूभर, मग आणखी तसूभर. डोळे तिच्या छातीवर होते. एक परिचारिका तिच्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून उभी होती. "बस," डॉक्टर म्हणाले. खट्. उशी लगेच निघाली.

मामांनी फिल्मा स्वतः धुतल्या. ओल्याच दिव्यासमोर धरल्या, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. पहिल्या फोटोत अंगठी आणि खुंटीच्या मधली फट तांदळाच्या दाण्याएवढी होती. दुसऱ्यात तिथे चवळीचा दाणा मावला असता, आणि मागची रज्जूची वाट निम्मी झाली होती. हाडांच्या कडा मात्र पेन्सिलीने ओढल्यासारख्या. गुरुमूर्ती पाहत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही जेवला का?"

ऑपरेशन मार्चमध्ये झालं. आधी तीन आठवडे डोक्याला वजन लावून मान ओढून धरली होती. मग मागून दोन्ही हाडं तारेने बांधली आणि कमरेच्या हाडाचा तुकडा त्यांच्यावर बसवला. गुरुमूर्तींनी राजगोपालांना आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "हातपाय वळणं थांबणार नाही, ते मेंदूतून येतं. मी फक्त मान थांबवणार आहे. गेलेलं किती परत येईल ते माहीत नाही. ही टेबलावरून उठेलच असंही वचन देत नाही." राजगोपालांनी संमतीचा कागद दोनदा वाचला आणि सही केली.

ती उठली. पण खरं कठीण त्यापुढेच होतं. कपाळापासून कमरेपर्यंत प्लास्टर, आणि वर एप्रिल-मेचा मद्रासचा उन्हाळा. आतलं अंग वळायचं थांबत नव्हतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि कानामागे जखमा झाल्या. मामा रोज ड्यूटी संपली की वॉर्डात जात. धनलक्ष्मी घामोळ्यांवर ताडाच्या पंख्याने वारा घाली, ते पाढे विचारत. एकदा एकोणीसच्या पाढ्यात त्यांचंच चुकलं. प्लास्टरच्या आतून चंद्रिका इतकी हसली की परिचारिका धावत आली.

त्याच काळात कधीतरी तिने त्यांना त्या दिवसाबद्दल सांगितलं. मामांनी विचारलं नव्हतं. तिने सांगायला पाव तास घेतला आणि त्यांनी मधे शब्द पुरवला नाही. तिला सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. स्विचवाला 'दाबू का' विचारतोय तेही. नुसतं अंग कुठे गेलं ते कळत नव्हतं. "आधी… पण… व्हायचं," ती म्हणाली. "जेवताना. कोणाला… सांगू? तोंडच… नव्हतं."

जूनमधल्या फोटोत तारेचा एक पदर तुटलेला दिसला. पण हाड जुळायला लागलं होतं. गुरुमूर्तींनी प्लास्टर आणखी दोन महिने ठेवलं. ऑगस्टच्या अखेरीस ते निघालं तेव्हा तिची मान फारशी वळत नव्हती, आणि वळायला नकोच होती.

सगळं परत आलं नाही. भिंतीला धरून टाकलेली ती आठ-दहा पावलं कायमची गेली. दोघांनी धरलं तर ती उभी राहू शके, तेवढंच. पण लघवीचा ताबा आला. उजव्या मुठीत चमचा राहू लागला. श्वास अडकणं थांबलं. धनलक्ष्मी एकदा मामीला म्हणाली, "लोकांना वाटतं, एवढं करून काय मिळालं, पोर चालत तर नाही. रोज सकाळी कोरडं अंथरुण उचलताना मला काय वाटतं ते त्यांना कसं सांगू?"

मामांच्या एक्स-रेच्या खोलीत एक गोष्ट बदलली. मान दुखणारं, हातपाय वळणारं मूल आलं की ते कोणाला हात लावू देत नसत. आधी आईला विचारत, "आधी काय करत होतं जे आता करत नाही?" आणि उत्तर चिठ्ठीमागे लिहून डॉक्टरकडे पाठवत. पुढच्या सहा-सात वर्षांत अशी दोन मुलं सापडली. एक बरं झालं. दुसरा मुलगा उशिरा आला होता. वाचला नाही. त्याच्या वडिलांबरोबर मामा स्मशानात जाऊन आले.

राजगोपालांनी पुढे बंदर सोडलं आणि त्यांना मद्रासजवळच्या आवडी या गावी कारखान्यात नोकरी लागली, सरकारी क्वार्टर मिळालं. माझं लग्न ठरलं तेव्हा अडुसष्ट साली मी मामांबरोबर आमंत्रण द्यायला तिथे गेले. चंद्रिका सोळा वर्षांची झाली होती. उंच पाठीच्या लाकडी खुर्चीत, छातीला पट्टा बांधून बसली होती, आणि समोर क्वार्टर्समधल्या पाच मुली जमिनीवर बसून गणितं करत होत्या. एकीने उत्तर मोठ्याने वाचलं. चंद्रिकेचा हात हवेत वळला, तोंड वाकडं झालं, आणि आम्ही सगळे थांबलो. त्या मुलींना थांबायची सवय दिसत होती. कोणी हसलं नाही, कोणी मधे बोललं नाही.

"हातचा," ती म्हणाली, "विसरलीस."

मुलीने पाटी पुसली आणि पुन्हा मांडायला घेतलं. धनलक्ष्मीने आम्हाला आत बोलावलं. कॉफी घेताना मामा दारातून बाहेर बघत होते. चंद्रिकेने आम्हाला जेवायला राहायचा आग्रह केला नाही. तिचा वर्ग अजून अर्धा तास चालणार होता.